मुलगी झाली! दाखल्यातला धर्म, बारसं की बाप्तिस्मा, आणि दारातलं राजकारण : आत्ता काय ठरवायचं आणि काय तिच्यावर सोडायचं?

नवाबाबा_नाशिकरोड

घरात मुलगी आली आहे. बारसं अजून व्हायचंय. मी हिंदू, बायको कॅथलिक, लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदवलेलं. दोन्ही आज्यांचा जीव पोरीत अडकलाय आणि दोघींची यादी मोठी आहे : बारसं, जावळ, कान टोचणं, बाप्तिस्मा, शिवाय २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर नेणं. त्यात प्रभागातले कार्यकर्ते पेढे घेऊन येतात, बाळाला मांडीवर घेऊन फोटो काढतात आणि फ्लेक्सवर लावू का विचारतात.

धर्म तिने मोठी झाल्यावर ठरवावा असं आम्हा दोघांचं मत आहे. पण मत असून भागत नाही, फॉर्म आज भरायचाय. कुठली नोंद पुढे बदलता येते, कुठली जन्मभर चिकटते? कुठला विधी बाळाच्या अंगाला सोसतो, कुठला नाही? माहितगारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पंचवटीतला_वकील

अभिनंदन. कागदांपासून सुरुवात करतो.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. रुग्णालयात जन्म झाला असेल तर रुग्णालयच ती कळवतं. नाशिक महापालिकेत जन्म ज्या विभागात झाला त्या विभागीय कार्यालयात नोंद होते, तुम्ही राहता तिथे नाही. म्हणजे राहायला नाशिकरोडला आणि बाळंतपण गंगापूर रोडला असेल तर दाखल्यासाठी नाशिकरोडच्या कार्यालयात हेलपाटे घालू नका.

धर्म विचारला जातो तो जन्माच्या अहवाल-फॉर्ममध्ये. हा फॉर्म बहुतेक वेळा वॉर्डातच भरला जातो आणि घाईत कुणीतरी सही करून मोकळं होतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर आईचा धर्म आणि वडिलांचा धर्म वेगवेगळा लिहायचा असतो. तो सांख्यिकी भाग आहे, हातात मिळणाऱ्या जन्मदाखल्यावर धर्म छापला जात नाही. त्यामुळे आईपुढे ख्रिस्ती आणि वडिलांपुढे हिंदू असं खरं तेच लिहा. त्याने मुलीचा धर्म ठरत नाही.

नावाची घाई करू नका. नावाशिवायही नोंद होते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण एकदा नाव चढलं की निबंधक फक्त चूक दुरुस्त करतो, तुमचं मन बदललं म्हणून नवं नाव लिहून देत नाही. त्यासाठी राजपत्राची वाट धरावी लागते.

आणि हा दाखला नीट जपा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा हाच.

दुपटं_आणि_लंगोट

स्पेलिंग! नाव मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून खिडकीवर द्या. तोंडी सांगितलं की आराध्यामध्ये एक ए की दोन, ज्ञानदाला डी की जी, हे समोरचा ठरवतो. आधार, शाळा आणि पासपोर्ट हे तिन्ही मग त्याच स्पेलिंगच्या मागे फिरतात. छापण्याआधी स्क्रीनवरचा मसुदा दाखवायला सांगा, आई-वडिलांची नावंही आधारशी ताडून घ्या.

शाळेतली_बाई

वकीलसाहेबांच्या माहितीत भर घालते. खरी चिकटणारी नोंद जन्मदाखल्यात नाही, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये होते. पहिलीच्या प्रवेशाला धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थळ हे रकाने भरले जातात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच उतरतं. मूल शाळेत आहे तोवर पुरावे देऊन, मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण खात्याच्या मंजुरीने दुरुस्ती करता येते. शाळा सोडल्यानंतर फार कठीण, माध्यमिक शाळा संहितेत त्यासाठी नियम २६.४ आहे.

म्हणून प्रवेशाच्या दिवशी फॉर्म घरी आणा, दोघांनी बसून भरा, आणि रजिस्टरमध्ये उतरल्यावर त्या ओळीचा उतारा मागा. कारकुनाने आडनावावरून अंदाजाने रकाना भरलेला असतो, असं वारंवार दिसतं.

दुसरं म्हणजे आईचं नाव. १ मे २०२४ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव गाळू नका.

गोदाकाठचा_राही

धर्माचा रकाना कोराच ठेवावा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कुणालाही धर्म जाहीर करायची सक्ती सरकार करू शकत नाही, आणि कुठलाच धर्म नाही असं म्हणायचाही हक्क आहे. संविधानाचं कलम २५ त्यालाच म्हणतात. सगळ्यांनी कोरा ठेवला तर निम्मं राजकारण आपोआप संपेल.

निळी_पहाट

राही, निकाल खरा आहे, पण सगळ्यांनी कोरा ठेवावा हा सल्ला मला मान्य नाही, आणि त्याचं कारण भावनेचं नाही, कायद्याचं आहे.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट आहे. आधी फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. अनुसूचित जातीच्या मुलाच्या रकान्यात 'धर्म नाही' लिहिलं तर पुढे जात पडताळणी समितीसमोर तोच कागद त्याच्याविरुद्ध उभा राहू शकतो. अनुसूचित जमातींना ती अट नाही. म्हणजे एकाच वर्गातल्या दोन मुलांना तोच कोरा रकाना वेगवेगळा महागात पडतो. ज्याच्या घरात जातीच्या दाखल्याची गरज कधी पडलीच नाही, त्याला कोरा ठेवणं सोपं जातं. ज्या शहरात काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला आणि बाबासाहेबांची १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा ज्या जिल्ह्यात झाली, तिथे तरी धर्माचा रकाना किरकोळ आहे असं कुणी म्हणू नये.

धागाकर्त्यांना जात विचारत नाही. पण मुलीला कुठल्या प्रवर्गाचा हक्क असेल तर पुरावे आत्ताच जमवायला लागा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ : या तारखांच्या आधीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. वडील, आजोबा, पणजोबा यांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सगळ्यात उपयोगी. तो नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून गावच्या कोतवाल बुकाची नक्कल, म्हणजे गाव नमुना १४ काढा. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडच्या जुन्या नोंदी मोडीत असतात, त्यांचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावं लागतं. कडा झिजलेल्या पानांचं छायाचित्र आधी काढून ठेवा. अठरा वर्षांनी ते पान वाचता येईलच असं नाही.

पंचवटीतला_वकील

निळी पहाट यांचं म्हणणं बिनचूक आहे. त्याला जोडून : आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्नातलं मूल वडिलांची जात घेतं असं गृहीतक आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये (रमेशभाई नाईका प्रकरण) ते अंतिम मानलं नाही. मूल कुणाच्या घरात, कुठल्या समाजात, कुठल्या अडचणी सोसत वाढलं हे पुराव्याने पाहायचं.

वारशाचंही लिहून ठेवतो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. नवरा-बायकोचे धर्म वेगळे असून लग्न विशेष विवाह कायदा १९५४ खाली झालं असेल तर त्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या मालमत्तेला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो. दोघांनी मृत्युपत्र करावं आणि दोघांच्या पश्चात मुलीचं पालकत्व कुणाकडे हे त्यात लिहावं. दोन आज्यांच्या प्रेमाची पुढे कोर्टात ओढाताण होऊ नये एवढ्यासाठी तरी.

गोदाकाठचा_राही

निळी पहाट, १९५० च्या आदेशातली अट माहीत नव्हती. 'सगळ्यांनी' हा शब्द मागे घेतो. ज्यांना तोटा नाही त्यांनी कोरा ठेवावा, इतकं अजूनही म्हणेन.

बाळयेशू_रस्ता

बाप्तिस्म्याविषयी. कॅथलिक चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याला आई-वडिलांपैकी किमान एकाची संमती लागते, आणि मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी आशा धर्मगुरूंना दिसावी लागते. गॉडपेरेंट सोळा वर्षांवरचा, स्वतः दृढीकरण (कन्फर्मेशन) हा संस्कार झालेला कॅथलिक हवा. त्यामुळे 'आजीच्या समाधानासाठी करून टाकू' असं असेल तर धर्मगुरूंशी आधी मोकळेपणाने बोला. मनात नसताना वचन देणं हा त्या विधीचा अपमान होतो.

बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या रजिस्टरमध्ये कायम राहते, तो पुन्हा होत नाही आणि पुसलाही जात नाही. 'नंतर तिने ठरवावं' यावर तुम्ही ठाम असाल तर हे लक्षात घ्या. मोठेपणी शिक्षण घेऊन बाप्तिस्मा घ्यायची वाट उघडी असतेच, उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही.

बारशाचं म्हणाल तर आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतही पाळणा होतो, गाणी होतात. दोन्ही आज्यांना एकत्र आणणारा तोच कार्यक्रम आहे, तो थाटात करा.

वेखंड_नको

लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. विधी कुठल्याही धर्माचा असो, बाळाचं शरीर एकच असतं. म्हणून थेट लिहिते.

मध चाटवू नका. सोन्याच्या अंगठीने नाही, बोटाने नाही, थेंबभरही नाही. एक वर्ष होईपर्यंत मध वर्ज्य. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं ते पचवतं, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार होतं. आधी बद्धकोष्ठ, मग रडणं क्षीण, मान टाकणं, पुढे श्वासाचे स्नायू ढिले पडतात.

सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीही नाही, तीर्थही नाही, चर्चमधलं नाही आणि रामकुंडातलंही नाही.

काजळ डोळ्यात नको. सुरम्यात शिसं असू शकतं, आणि घरच्या काजळाने डोळे येतात कारण ते बोटाने भरलं जातं. दृष्ट काढायची असेल तर तीट तळपायाला लावा. गालाला लावली तर मूठ चोळून ती तोंडात जाते.

नाकाकानात तेल नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं की न्यूमोनिया होतो. नाळेला हळद, राख, तूप काही लावायचं नाही, कोरडी ठेवली की ती आपोआप पडते. ओव्याची धुरी खोलीबाहेर.

लसी : जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बी. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस. न्यूमोकोकल ६ आणि १४ आठवड्यांना, बूस्टर ९ महिन्यांना. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिन्यांना. बारशाची तारीख आणि लसीची तारीख एकाच दिवशी आली तर लस आधी.

गंगापूररोडची_आजी

बाळगुटी आम्ही पिढ्यान्पिढ्या देत आलो. सहाणेवर एकेका जिन्नसाचे मोजून वेढे द्यायचे, हळकुंड एक, सुंठ अर्धा, मुरुडशेंग पोट दुखलं तरच, बदाम आणि खारीक वय वाढेल तसे वाढवायचे. हात धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात. सगळंच टाकाऊ कसं?

वेखंड_नको

आजी, तुमचा मोजून द्यायचा नेम मोलाचा आहे, आणि बहुतेक घरांत तोच राहिलेला नाही. आता गुटी तयार मिळते, कुणीतरी झाकणभर पाजतं. माझा विरोध दोन जिनसांना सगळ्यात जास्त आहे : वेखंड आणि जायफळ. दोन्हींनी बाळाला गुंगी येते. 'गुटी दिली की शांत झोपतं' म्हणतात ती झोप नव्हे. शिवाय सहाण ओली ठेवली की बुरशी धरते, आणि जुलाब तिथूनच सुरू होतात. सहा महिन्यांनंतर बदाम-खारीक उगाळून वरणभाताबरोबर द्या, तेव्हा सहाण खुशाल काढा. त्याआधी तीच वेळ बाळाला मालिश करण्यात घालवा. आजीच्या हातची मालिश कुठल्याच पुस्तकात चुकीची ठरवलेली नाही, फक्त टाळू दाबायची नाही.

गंगापूररोडची_आजी

पटलं. वेखंड बाजूला ठेवते. मालिश मात्र मीच करणार.

नवाबाबा_नाशिकरोड

सगळ्यांचे आभार. जावळ आणि कान टोचणं यावर कुणी सांगेल का? आणि फ्लेक्सचं?

वेखंड_नको

कान ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस झाल्यावर टोचा, त्यात धनुर्वाताचं संरक्षण येतं. सुई आणि तार निर्जंतुक हवी, हे सोनाराला आधी विचारा. जावळाला वस्तऱ्याऐवजी गार्ड लावलेला ट्रिमर वापरा. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत उघडी असते, तिथे धारदार पातं नको. जावळ काढल्याने केस दाट येतात हे खरं नाही, पण कुलदैवतापाशी कुटुंब जमतं हे कारण पुरेसं आहे. वणीला न्यायचं असेल तर दुपारचं ऊन आणि घाटातली गाडी लागणं या दोन्हींचा विचार करून पहाटे निघा. थंडीत मात्र निफाडचा पारा घसरतो तेव्हा पहाटेचा मुहूर्त नको, ऊन वर आल्यावरचा काढा.

सिडकोतला_कार्यकर्ता

फ्लेक्सचं मी सांगतो, मीही पक्षाचं काम करतो. नाही म्हणा. आम्हाला वाईट वाटत नाही, आणि वाटलं तर आमचं चुकतं.

निवडणुकीच्या काळात तर नियमच आहे. निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ ला सूचना काढल्या : प्रचारात मुलांचा कुठल्याही रूपात वापर नको. कडेवर घेणं, गाडीत बसवणं, घोषणा, कविता, पत्रकं वाटणं, पक्षाची चिन्हं अंगावर घालणं, सगळं त्यात येतं. पालकाबरोबर मूल नुसतं नेत्याच्या जवळपास असेल आणि प्रचारात सामील नसेल तर ते उल्लंघन नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०१४ मध्ये अल्पवयीन मुलांना निवडणुकीच्या कामात न गुंतवण्याचा आदेश दिला होता.

नियम सोडा, फ्लेक्सवर बाळाचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि गल्ली एका नजरेत येते. पेढे घ्या, आशीर्वाद घ्या, फोटो आपल्याच फोनमध्ये ठेवा.

एक गोष्ट मात्र पुढे उपयोगी पडेल. महापालिका आणि ग्रामपंचायत निवडणुकीत १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं असलेला उमेदवार अपात्र ठरतो. म्हणजे पोरांची मोजदाद राजकारणात तशीही होतेच. 'आपली संख्या वाढवा' असं व्यासपीठावरून सांगणाऱ्याला हा नियम जरूर वाचून दाखवा.

शाळेतली_बाई

लाभाचंही बघा. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी लेक लाडकी योजना आहे : जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे. यासाठी कुठल्याही दादा-भाऊंच्या शिफारशीची गरज नाही.

रामकुंड_पहाट

सिंहस्थाबद्दल. पर्वणीच्या दिवशी तान्ह्या बाळाला रामकुंडावर नेऊ नये, हे मी श्रद्धेनेच सांगतो. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. पर्वणीला रस्ते एकेरी होतात, मागे वळता येत नाही, गाड्या लांब अडवतात आणि तिथून चालत यावं लागतं. ढकलगाडी घाटाच्या पायऱ्यांवर निरुपयोगी. ऑगस्टमध्ये गोदेला पाणी चढलं की गंगापूर धरणातून विसर्ग सोडतात, तेव्हा दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागलंय हे नाशिककर आधी बघतो.

सिंहस्थ नुसत्या पर्वणीपुरता नसतो. पर्वणी सोडून साध्या वारी, सकाळी न्या. छातीशी बांधायची झोळी वापरा, बाळाचं तोंड उघडं राहील अशी. पाण्याचा थेंब पायाला लावा, तोंडाला नाही. गोदामाई गर्दी नसतानाही तीच असते.

निळी_पहाट

आणि जराशी मोठी झाली की फक्त रामकुंड नको. काळारामाच्या दारात नेऊन सत्याग्रहाची हकीकत सांगा. पांडवलेणी ही बौद्ध लेणी दाखवा, पायऱ्या बऱ्याच आहेत म्हणून उन्हाळा टाळून. म्हसरूळला गजपंथ हे जैन तीर्थ. नाशिकरोडला बाळ येशूची फेब्रुवारीतली यात्रा, जिथे सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्ती घेऊन रांगेत असतात. तिथेही गर्दी असते, यात्रेच्या दिवसांआधी जा.

गोदाकाठचा_राही

म्हणजे रकाना भरा आणि पोरीला सगळीकडे फिरवा. हे जमण्यासारखं आहे.

बाळयेशू_रस्ता

शाळा निवडतानाही विचारा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसण्याची सक्ती करता येत नाही, अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. कलम २८. मिशनच्या शाळेला लागू, मठाच्या शाळेलाही लागू. प्रवेशावेळी तसं एका ओळीत लेखी द्या आणि पोच घ्या.

नवाबाबा_नाशिकरोड

ठरलं ते लिहितो. जन्माच्या फॉर्ममध्ये दोघांचे धर्म खरे लिहिले. पाळणा दोन्ही आज्या मिळून करणार, बाप्तिस्मा आत्ता नाही. फ्लेक्सला नकार कळवला. मध आणि गुटीचा कागद छापून स्वयंपाकघरात लावलाय. एकच अडलंय : नाव ठरेपर्यंत बाल आधार काढता येईल का, की आधी दाखल्यावर नाव चढवू?

पंचवटीतला_वकील

आधी नाव, मग आधार. पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो आणि पालकाचा आधार जोडतात, आणि जन्मदाखला लागतो. दाखल्यावर नाव नसताना आधार काढलात तर दोन्हीकडे वेगळं राहायचा धोका. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे अद्ययावत करायचे, ते शाळाप्रवेशाच्या फाइलवर आत्ताच लिहून ठेवा. नाव चढवायला जाताना मूळ दाखला आणि दोघांचे आधार न्या, दोघांच्या सहीचा अर्जही लिहून ठेवा.

दुपटं_आणि_लंगोट

आणि आत्याला सांगा, कानात 'कुर्रर्र' हळू.